उसनी दिलेली डागणी आणि गोडा झरा गेल्याचे वर्तमान

श्री. गुरांच्या खुरांची धूळ ज्याच्या मुकुटावर बसते आणि तरी जो झटकीत नाही, त्या देवास नमस्कार करून हे वर्तमान लिहिले असे. ही गोष्ट शके सतराशे ब्याण्णव, प्रमोदनाम संवत्सरातील. प्रमोद म्हणजे आनंद. पंचांग करणारे दूर होते, त्यांस तिकडील काही ठाऊक नव्हते.

पृथ्वीवर जितकी भूमी आहे तितकी सर्व शूर पुरुषांनी मनगटाच्या बळे मिळविली, रक्ताने शिंपिली, कीर्तीने राखिली, आणि जेव्हा गेली तेव्हा नगारे फुटून, निशाणे लोळून, हजारो वीर रणांगणी पडूनच गेली, ऐसे थोर थोर लिहून गेले ते सत्य. या वर्तमानातील भूमी मात्र एका बाईने लोखंडाची दांडी उसनी दिली तेणेकरून गेली, आणि त्या दिवशी वारा देखील नव्हता.

साहेबांचे पत्र पावले की, मावळतीकडे समुद्रापलीकडे जो गुरे राखणारांचा मुलुख, तेथे जमिनी कशा गेल्या ते खुलासेवार लिहावे. त्यास, तो मुलुख विस्ताराने बहुत आणि मनुष्याने थोडा. गवत घोड्याच्या पोटास लागे, आणि मग पुढे पुन्हा गवत, आणि मग एक डोंगर, तो सकाळी निघाले तरी सायंकाळी तितकाच दूर. राजा कोणी पाहिला नव्हता. पुरुष तितके सर्व टोपी घालीत, जेवताना काढीत नसत, निजताना तोंडावर ठेवीत, आणि कोणास पुरावयाचे असेल तेव्हाच हाती घेत. यामुळे कोणाचे केस पांढरे जाहले हे शेजाऱ्याच्या अंत्यविधीतच कळे. प्रत्येकाच्या कमरेस पिस्तूल. बोलणे थोडके. दोघे भेटले तर एक म्हणे, "ऊन आहे," दुसरा विचार करून म्हणे, "आहे," आणि मग दोघेही दमून आपापल्या वाटेने जात. गाव म्हणावे तर एक रस्ता, त्याच्या एका अंगास दारूचा गुत्ता, गुत्त्याची दारे अर्धीच, वरून टोपी दिसे आणि खालून पाय दिसत, मधला मनुष्य कोण ते आत गेल्यावर कळे. दुसऱ्या अंगास न्हावी, तो दाढी करी, दात काढी आणि शवपेट्याही करी, म्हणून दाढीस बसलेल्या गिऱ्हाइकाकडे तो लांबीरुंदीने पाही.

त्या मुलखी दोन चाली होत्या, त्या ध्यानी ठेवाव्या, कारण पुढील सर्व मजकूर त्यांतून निघाला. पहिली चाल ऐशी की, लिहिणे वाचणे जाणणारा शंभरांत एक, म्हणून कागदावर कोणाचा भरवसा नाही. जमीन दिली घेतली तर मजकूर कमावलेल्या कातड्यावर लिहावा आणि खाली देणाराने आपल्या घराची डागणी तापवून उठवावी. डागणी म्हणजे गुरांस डाग देण्याची लांब लोखंडी दांडी, तिच्या टोकास घराची खूण, कोणाचा त्रिकोण, कोणाचे गाडीचे चाक. जनावरावर ज्याची खूण त्याचे जनावर; कातड्यावर ज्याची खूण त्याचा शब्द. डाग पडला की बोलणे संपले. दुसरी चाल ऐशी की, कुंपण कोठेच नाही, सर्वांची गुरे एकाच गवतात चरत, आणि तुमची गाय शेजाऱ्याच्या ओढ्याकाठी व्याली तर शेजाऱ्याने तुमच्या घरी यावे, तुमची डागणी मागून न्यावी, तुमच्या वासरास तुमचीच खूण द्यावी, आणि मग वासरू व डागणी दोन्ही तुम्हांस पोहोचती करावी. म्हणजे डागणी मागावयास जो आला तो तुमचे भले करावयास आला. त्यास "कशाला?" ऐसे पुसणे म्हणजे "तू चोर" ऐसे म्हणणे. पूर्वी एकाने पुसले होते. त्याची शवपेटी न्हाव्याने घाईत केली, ती आखूड जाहली. तेव्हापासून कोणी पुसत नसे. या दोन चाली पन्नास वर्षे शेजारी शेजारी सुखाने नांदल्या, आणि त्या एके दिवशी एकमेकींस भेटतील हे कोणाच्या मनात आले नाही.

गोडा झरा म्हणून त्या मुलखी एक ठिकाण. वीस कोसांत बारमाही पाणी तेवढेच. तेथे हन्नाबाई राहत. त्यांचे यजमान योसेफबावा वारून नऊ वर्षे जाहली होती, झऱ्याकाठच्या झाडाखाली त्यांस पुरिले होते, आणि बाई रोज सकाळी गुरे सोडिल्यावर तेथे जाऊन बसत आणि घरचे वर्तमान सांगत. हयात असता योसेफबावा ऐकत नसत. आता ऐकतात, ऐसे बाईंचे म्हणणे. म्हणून झरा म्हणजे बाईंस पाणी नव्हे, संसारच उरला तो तेथे. घराची खूण उलटी चंद्रकोर. पदरी एकच जुना गडी, एनूबा नावाचा, साठीचा, पाय घोड्यावर बसून बसून धनुष्यासारखे वाकलेले आणि जीभ सरळ. शेजारी मलाखीबावा, अर्ध्या छातीपर्यंत दाढी. वीस वर्षांत त्यांनी बाईंच्या शंभर वासरांवर चंद्रकोर उठविली आणि एकही आपल्या कळपात ठेविले नाही. आणि गावात जमिनीच्या कचेरीत सैलासपंत. पंत हा किताब आमचा. लिहिणारास तिकडे काय म्हणतात ठाऊक नाही. मऊ बोलणारे, आणि हातांच्या बाह्या दुधासारख्या पांढऱ्या. त्या धुळीच्या मुलखात एका मनुष्याच्या बाह्या पांढऱ्या राहतात कशा, याचाच लोकांनी विचार करावयाचा होता. पंतांस गुप्त खबर लागली होती की लोखंडी वाट येत आहे, आगगाडीस पाणी लागते, आणि पाणी गोड्या झऱ्याखेरीज नाही.

मग ज्येष्ठ वद्यात एके सकाळी सैलासपंतांची स्वारी खेचरावर बसून झऱ्यावर दाखल जाहली, आणि खेचरास पाणी पाजिले, आणि बाईंच्या प्रकृतीचे पुसिले, आणि मग योसेफबावांच्या थडग्यापुढे टोपी काढून इतका वेळ उभे राहिले की एनूबा हळूच बोलिला, "बाई, हे आता काहीतरी मागणार."

मग पंत बोलिले, "बाई, आपली एक गाय दक्षिणेच्या नाल्यात व्याली आहे. वासरू मोठं गोजिरं आहे हो. डागणी द्याल तर देऊन टाकतो डाग."

"पंत," एनूबा बोलिला, "वासराला पुढून धरायचं का मागून, एवढं तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

"शिकेन की. माणसाने शिकत राहावं, एनूबा."

"शिका, शिका. मी आपलं एकच विचारतो, क—"

"एनूबा!" बाई बोलिल्या. "या घरात तो शब्द कधी निघालेला नाही. आज निघायचा नाही."

एनूबाने तो शब्द तसाच गिळिला, तो त्यास सायंकाळपर्यंत पचला नाही. आणि बाईंनी आपल्या हाते भिंतीवरील डागणी काढून पंतांस दिली, आणि पंतांनी ती रेशमी रुमालात गुंडाळून घेतली, मूल घ्यावे तैशी.

तिसरे दिवशी डागणी परत आली. पुसून, घासून, रुमालासह. वासरू आले नाही. ते कोठे, हे पुसता येईना, कारण डागणी देताना जो शब्द बोलावयाचा नाही तो परत घेतानाही बोलावयाचा नाही, ऐशी चाल. एनूबाने डागणीचे टोक नाकास लाविले, आणि पुन्हा लाविले, आणि मग खाली बसला.

"याला केस जळल्याचा वास नाही, बाई."

"घासली असेल त्यांनी."

"वास घासून जात नाही. पंचेचाळीस वर्षं हाच वास घेतोय मी. हिने वासराला हात लावलेला नाही. हिने कमावलेलं कातडं जाळलं आहे."

बाई बोलिल्या, "भिंतीला लाव परत." आणि त्या दिवशी योसेफबावांस त्यांनी घरचे वर्तमान सांगितले नाही.

पुढे आठ दिवसांत कचेरीच्या दारास एक कातडे खिळ्याने ठोकिले गेले. मजकूर ऐसा की, मी हन्नाबाई, राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय, गोडा झरा, भोवतालचे कुरण, त्यातील झाडे व झाडांखाली जे काही असेल ते सुद्धा, सैलासपंत यांस दिले असे; महिन्याने जागा सोडीन. खाली उलटी चंद्रकोर, ठसठशीत. हे वर्तमान बाईंस कळविण्यास ठाणेदार तोबाजी आले. छातीवर पत्र्याची चांदणी हे त्यांच्या अधिकाराचे चिन्ह, ती ते रोज घासत, आणि त्याउपर अधिकार ते फारसा वापरत नसत. टोपी हाती घेऊन उभे राहिले, तो एनूबा बोलिला, "टोपी घाला, तोबाजी. अजून कोणी मेलं नाही."

"बाई," तोबाजी बोलिले, "डाग तुमचाच ना?"

"डाग माझाच."

"उठवला तुम्ही नाही."

"मी नाही."

"हे मला ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय, बाई? डाग तुमचाच आहे ना?" ऐसे बोलून तोबाजींनी चांदणीवरची नसलेली धूळ पुसली आणि घोड्यावर बसले, आणि घोडा देखील जाताना मान खाली घालून गेला ऐसे एनूबा सांगे; परंतु तो घोडा नेहमीच तसा चाले.

मग गुत्त्यात भर दुपारी कुल गुरेवाल्यांची मसलत बसली. पहिले दोन पेले होईतो सर्व वीर होते. कोणी म्हणे कचेरी जाळू, कोणी म्हणे पंतास पिसे लावून खेचरावर उलटा बसवू. मग एक म्हातारा बोलिला, "पण म्हणायचं काय? की कातड्यावर डाग आहे, तरी शब्द नाही?" त्यासरशी उचललेले पेले खाली आले. कारण तेथे बसला होता त्या प्रत्येकाच्या घरी पेटीत एक एक कातडे होते. हा मुलुख काही रिकामा सापडला नव्हता. आधी तेथे दुसरे लोक राहत, घोड्यावर खोगीर न घालणारे, आणि त्यांच्याकडे गुरे नव्हती, म्हणून डागणीही नव्हती. तरी प्रत्येकाच्या कातड्यावर त्या लोकांनी जमीन राजीखुशीने दिल्याचा मजकूर होता आणि खाली त्यांचा डागही होता. ज्यांच्याकडे डागणी नव्हती त्यांचा डाग आला कोठून, हे पन्नास वर्षे कोणी पुसले नव्हते. पुसण्याची चालच नव्हती. मग एकास आठवले की घरी गाय आजारी आहे, दुसऱ्यास आठवले की आपल्यास बायको आहे, आणि हळूहळू अर्ध्या दारांतून टोप्या आणि पाय बाहेर गेले. मलाखीबावा शेवटपर्यंत बसले होते. बाईंनी त्यांजकडे पाहिले. मलाखीबावांनी पेल्याकडे पाहिले. पेला रिकामा होता, तरी पाहत राहिले.

ऐशी अवस्था असता आषाढ शुद्धात उत्तरेकडून एक स्वार आला. काळा घोडा, काळी टोपी, नाव नाही. गावात शिरताच माणसे भिंतीस लागली, कुत्री ओट्याखाली गेली, आणि सर्वांच्या मनात एकच आले की, हा आला, आता न्याय होतो. ऐसा बिननावाचा स्वार येतो आणि गाव सोडवितो, ही त्या मुलखीची जुनी श्रद्धा; यामुळे आपण स्वतः काही करण्याचे कोणास सुचत नसे. स्वाराने न्हाव्याकडे जाऊन बादलीभर ऊन पाणी मागितले, आणि जोडे काढून त्यात पाय सोडून बसला. न्हाव्याने सवयीने त्यास लांबीरुंदीने पाहिले. एनूबा समोर जाऊन उभा राहिला.

"आलात ते फार बरं झालं, रावसाहेब."

"मी आलो कशासाठी, हे कोणी सांगितलं तुला?"

"आमच्यात ते पुसत नाहीत."

"बरी चाल आहे," स्वार बोलिला. "माझ्या धंद्याला फार सोयीची."

मग एनूबाने साद्यंत वर्तमान सांगितले, पाणी निवेपर्यंत. स्वाराने मधे एकच पुसले, "त्या पंताच्या बाह्या पांढऱ्या आहेत काय?"

"दुधासारख्या."

"मग झालं," ऐसे बोलून स्वाराने पाय पुसले.

बाईंस हे कळले तेव्हा त्या बोलिल्या, "त्याला मारून माझा झरा मला मिळणार आहे का रे?" एनूबा बोलिला, "आधी त्यांना मारू तर द्या. पुढचं पुढे."

दुसरे दिवशी माध्यान्ही, सावल्या पायांखाली शिरल्या असता, स्वार रस्त्याच्या या टोकास आणि सैलासपंत त्या टोकास उभे राहिले. पंतांस घरातून तोबाजींनी समजावून आणिले, कारण न येणे त्या मुलखी शिष्टाचारास सोडून होते. खिडक्या लागल्या. न्हावी मापाची दोरी हाती घेऊन दारात उभा. पंतांनी पिस्तूल धरिले होते, परंतु बोरू धरावा तैसे. बोलिले, "हे पाहा, हे सगळं लेखी सोडवता येईल." तो त्यांचा अखेरचा शब्द. एकच आवाज जाहला, आणि बाह्या पांढऱ्या राहिल्या नाहीत. मग खिडक्या उघडल्या, आणि जयजयकार जाहला, आणि जे आजारी गाईंकडे गेले होते ते सर्व आले आणि स्वाराची पाठ थोपटू लागले, तो त्याने पिस्तूल अजून म्यान केले नव्हते हे पाहून थांबले. स्वार कोणाशी न बोलता घोड्यावर बसला आणि मावळतीकडे निघाला. ऊन डोळ्यांत आले म्हणून टोपी पुढे ओढली. बायकांस वाटले रडतो आहे. मावळतीकडे का गेला म्हणाल, तर उगवतीकडील तीन गावांत त्याच्या नावाचे हुकूम लागले होते. तेथे त्याचे नाव ठाऊक होते.

मग एनूबा कचेरीकडे वळला. कातडे दारावर तसेच होते. त्यास गोळी लागली नव्हती. एनूबाने ते उपटावयास हात घातला, तो पाठीशी पिस्तुलाचा घोडा ओढल्याचा आवाज आला. तोबाजी. दहा वर्षांच्या अधिकारात त्यांनी पिस्तूल प्रथमच काढिले.

"हात काढ, एनूबा."

"त्या माणसाला मारलं तेव्हा कुठे होतात तुम्ही?"

"ते दोघांचं भांडण होतं. हा दस्त आहे." आणि मागे उभे असलेले गुरेवाले, ज्यांनी आताच जयजयकार केला होता, त्यांतील एकही पुढे आला नाही. मलाखीबावा तर खाली वाकून घोड्याचा नाल पाहू लागले. आणि मग सर्वांस ठाऊक जाहले की पंत मेले, कातडे जिवंत आहे.

आठवे दिवशी टपालाच्या गाडीतून पंतांचे पुतणे उतरले. नाव आमोसपंत. बाह्या तशाच. काकांचे वारस म्हणून त्यांनी फिरत्या न्यायाधीशांपुढे दावा गुजरला, आणि न्यायाधीश गाढवावर कायद्याची पुस्तके लादून श्रावणात आले आणि गुत्त्यातच खुर्ची मांडून बसले, कारण गावात बसावयास जागा तीच. म्हातारे होते, डोळे दुखत होते, आणि गैरन्याय करण्याची त्यांची बिलकूल इच्छा नव्हती, हे नमूद केले पाहिजे.

पुसिले, "बाई, डागणी मागायला सैलासपंत आले, तेव्हा 'कशाला' म्हणून विचारलंत का?"

"नाही."

"का नाही?"

"आमच्यात विचारत नाहीत, साहेब."

न्यायाधीशांनी मान हलविली, आणि मग बोलिले, "ठीक आहे. डागणी धन्याच्या हाताने उठली नाही, तर ते कातडं रद्द, असं मी म्हणेन. मनातून म्हणावंसं वाटतं." बाईंनी झग्याची घडी मुठीत धरिली. तो आमोसपंत उठून मऊ आवाजात बोलिले, "साहेब, याच न्यायाने बाईंचंही कातडं पाहावं, एवढी विनंती."

बाईंचे कातडे आणिले. जुने, कोपरे उंदरांनी खाल्लेले. त्यात गोडा झरा आधीच्या लोकांनी योसेफबावांस राजीखुशीने दिल्याचे लिहिले होते आणि खाली पक्ष्याच्या पंजाचा डाग होता. न्यायाधीशांनी तो डाग बोटाने चाचपला.

"ही पंजाची डागणी कोणाची?"

गुरेवाल्यांनी आपापल्या टोप्या पुढे ओढल्या.

"त्या लोकांकडे गुरं नव्हती असं ऐकतो. मग ही डागणी घडवली कोणी? त्या वेळचं कोणी हयात आहे का?"

हयात एकच होता. एनूबा खांबास टेकून उभा होता, आणि त्याने बाईंकडे पाहिले. एक खोटा शब्द बोलावा आणि झरा राखावा, इतके सोपे होते. आणि एनूबा पूर्वी याहून थोडक्याकरिता खोटे बोलिला होता. बाईंस त्याच्या तोंडाकडे पाहूनच सर्व कळले, जे त्यांनी योसेफबावांस, लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षांत, कधी पुसले नव्हते.

"सांग, एनूबा," बाई बोलिल्या.

"बाई, नको."

"सांग म्हणते ना."

"मीच घडवली, साहेब," एनूबा बोलिला. "आमच्याच भट्टीत. धन्याने सांगितलं, पक्ष्याचा पंजा काढ, तो त्यांच्यासारखा दिसतो. उठवलीही मीच. ते लोक तेव्हा झऱ्यावर नव्हते. आम्ही आधीच त्यांना डोंगरापलीकडे हाकललं होतं. एक म्हातारी तेवढी मागे राहिली होती, ती तिच्या माणसाला पुरलं होतं तिथून उठायला तयार नव्हती." मग खांब सोडून सरळ उभा राहिला. "तिला मी उचलून नेली. वजन काहीच नव्हतं तिचं."

न्यायाधीशांनी दोन्ही कातडी मांडीवर घेतली, एकावर एक ठेविली, आणि बहुत वेळ डोळे मिटून बसले. काहींस वाटले निजले. मग बोलिले, "एक तर दोन्ही खरी, नाही तर दोन्ही खोटी. दोन्ही खोटी म्हणालो, तर उद्या तुम्ही सगळे आपापली कातडी घेऊन याल, आणि मग या मुलखात पाय ठेवायला जागा उरणार नाही. ही खुर्चीदेखील उचलावी लागेल. सबब दोन्ही खरी. खऱ्या कातड्याने झरा योसेफबावांना मिळाला, आणि खऱ्याच कातड्याने आता तो आमोसपंतांचा." आणि मग हळूच बोलिले, "बाई, तुम्ही विचारायला हवं होतं." बाई बोलिल्या, "हो. तीस वर्षांपूर्वी."

मग भाद्रपदात बाईंनी गाडी भरिली. सामान थोडके. योसेफबावांस बरोबर नेता येईना, कारण कातड्यात झाडांखाली जे असेल तेही लिहिले होते. आमोसपंतांनी मऊ आवाजात सांगितले की त्यांस हरकत नाही, परंतु लोखंडी वाट त्याच झाडावरून जाणार, तर जमल्यास आधी भेटून घ्यावे. बाई जाऊन बसल्या. काय बोलल्या ते कोणी ऐकिले नाही, एनूबा दूर उभा होता, तो म्हणे, "बोलल्या नाहीत. एकच प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहत बसल्या." मग उठल्या.

गाडी कुरणाच्या हद्दीवर आली तो मागून घोड्याची टाप ऐकू आली. मलाखीबावा. घोडा घामाने भिजलेला, दाढीत गवत. टोपी काढिली, आणि योसेफबावांस पुरिल्यानंतर नऊ वर्षांनी बाईंनी पाहिले की त्यांचे केस सर्व पांढरे जाहले आहेत.

"हन्नाबाई, तुमची लाल गाय माझ्या ओढ्याला व्याली. कालवड आहे. तुम्ही जाताय, पण ती तुमचीच. डागणी द्याल का?"

एनूबाने सवयीने गाडीत हात घालून डागणी काढिली. बाईंनी ती आपल्या हाती घेतली. मलाखीबावांनी हात पुढे केला. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि पुसिले, "कशाला?"

मलाखीबावांचा हात तसाच राहिला. पिस्तुलाकडे गेला नाही. गेला असता तर बरे, ऐसे एनूबा पुढे कित्येक वर्षे म्हणे. त्यांनी टोपी घातली, आणि घोडा वळविला, आणि गेले. कालवड खरीच होती. ती पुढे बिनखुणेची वाढली, कोणाची म्हणून कोणी तिचे दूध काढिले नाही, आणि काही वर्षांनी एका पावसाळ्याअखेर ती लोखंडी वाटेवर उभी असता गाडीखाली सापडली.

तेव्हापासून त्या मुलखी कोणी कोणास डागणी दिली नाही. जो तो पुसू लागला. पुसू लागल्यावर कुंपण आले, काटेरी तारेचे, आणि तारेच्या या अंगास एकाची गुरे आणि त्या अंगास दुसऱ्याची, आणि दोघे भेटले तर "ऊन आहे" इतकेही बोलत नाहीसे जाहले. गोड्या झऱ्यावर आगगाडी रोज दोन वेळा पाणी पिते. लोखंडी वाट सरळ डोंगराकडे जाते, आणि डोंगरापलीकडे कोण राहतात, त्यांचे पाणी कोणते, हे आमोसपंत नकाशावर पाहत आहेत, ऐसे शेवटचे पत्र आले त्यात होते. एनूबा वारला. पेटी त्यास लांब पडली, पाय वाकलेले म्हणून. हन्नाबाई दक्षिणेत बहिणीकडे गेल्या ऐसे कळते; डागणी त्यांनी कोठे ठेविली ते कळत नाही.

एकूण तात्पर्य इतकेच की, जे पुसावयाचे ते वेळेवर कोणी पुसले नाही, आणि पुसले तेव्हा नको त्यास पुसले. यात शूर पुरुषाचा पराक्रम एक जागी आला आहे, तो वर लिहिला. त्याचा उपयोग जाहला नाही, तोही लिहिला. कमीजास्त लिहिले असेल ते साहेबी पदरात घ्यावे.

कळावे. आणखी एक. गेल्या माघात आपल्याकडील माणूस आमची शिडी मागून घेऊन गेला, ती अद्याप आली नाही. सवडीने पाठवून द्यावी. कशाला नेली, ते पुसत नाही.